वळीव येतोय म्हणतात, मग भात कापू का नको? ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

एप्रिल निम्मा सरला की कार्यालयाचा फोन पिकापेक्षा आभाळासाठीच जास्त वाजतो. गेल्या पंधरवड्यात शहापूर, मुरबाड, भिवंडी आणि अंबरनाथ तालुक्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे घेतले आहेत. काहींना फोनवर घाईत उत्तर दिलं होतं, ते आता सविस्तर देतो.

"अंदाजात ठाणे जिल्ह्यात विजांसह पाऊस सांगितला होता. दोन दिवस भाताची कापणी थांबवली. आमच्याकडे थेंब नाही पडला. मग त्या अंदाजाचा उपयोग काय?" (किन्हवलीकडचे एक दादा)

दादा, राग रास्त आहे. पण तो अंदाज पुन्हा नीट वाचा. त्यात 'तुरळक ठिकाणी' असे दोन शब्द होते. हवामान खात्याच्या भाषेत त्याचा ठरलेला अर्थ आहे: जिल्ह्यातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. म्हणजे 'तुरळक' लिहिलेलं असताना चारातल्या तीन गावांना कोरडं राहायचंच आहे. तुम्ही त्या तिनांत होतात, इतकंच. त्याच संध्याकाळी मुरबाडच्या घाटाखाली चांगला शिंतोडा झाला होता.

आपला जिल्हा नकाशावर लहान दिसतो, पण एका टोकाला खाडी आणि दुसऱ्या टोकाला माळशेज आणि कसारा. मार्च ते मे या दिवसांत दुपारी समुद्रावरचा दमट वारा आत येतो, मुरबाड-शहापूरची जमीन तोवर तापून तव्यासारखी झालेली असते. हा दमट वारा आणि घाटावरून येणारा कोरडा वारा जिथे भेटतात तिथे हवा सरळ वर उचलली जाते आणि ढगांचे मनोरे उभे राहतात. म्हणून आपला वळीव बहुतेक वेळा दुपारनंतर घाटाच्या अंगाला जन्मतो, आणि वरचा वारा पूर्वेकडून असला तर संध्याकाळी बदलापूर-कल्याणकडे सरकतो. पावसाळ्यातला पाऊस नैऋत्येकडून, वळीव घाटाकडून, हे आपल्या म्हाताऱ्यांना यंत्राशिवाय ठाऊक होतं. तेव्हा दुपारी तीन वाजता पश्चिमेला बघून 'आभाळ मोकळं आहे' म्हणू नका, कसाऱ्याच्या आणि नाणेघाटाच्या बाजूला मान वळवा.

अंदाज खरा ठरला की खोटा, हा हिशेब मी तरी करत नाही. त्यानुसार काम करायला किती खर्च आला आणि न केल्यास काय गेलं असतं, एवढंच बघतो. ताडपत्री टाकायला अर्धा तास लागतो. त्यासाठी यलो अलर्ट पुरेसा आहे, दहातल्या आठ वेळा फुकट गेला तरी चालेल. पण दोन दिवस कापणी बंद ठेवणं महाग काम आहे. त्यासाठी नुसत्या यलोवर थांबू नका, ऑरेंज असेल तर थांबा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा.

शिवाय अंदाज एकच नसतो. चार-पाच दिवसांचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो 'मेघदूत' ॲपवर मराठीत मिळतो. त्यावर आठवड्याची मजुरी ठरवा. सकाळी जिल्ह्याचा इशारा बघा आणि दिवसाचं काम ठरवा. दुपारनंतर बघायचा तो पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा. तो रडारवर ढग दिसल्यावर काढलेला असतो, त्यामुळे सगळ्यांत भरवशाचा असतो. आपल्यातले बहुतेक जण सकाळचा इशारा वाचून दिवसभर बसून राहतात आणि तीन तासांचा बघतच नाहीत. सगळी गफलत इथेच होते.

"मग भात कापू का नको?" (तेच दादा, आणि भातसा धरणाच्या कालव्यावरचे आणखी पाच-सहा जण)

लोंबीतले 80 ते 90 टक्के दाणे पिवळे झाले असतील तर कापा. उभं भात जास्त पिकवून ठेवलं तर सोसाट्याच्या वाऱ्याने आडवं पडतं, दाणा झडतो आणि लोळलेल्या लोंब्यांना ओल मिळाली की शेतातच मोड येतात. मात्र कापण्याची पद्धत बदला. एरवी आपण कापून दोन-तीन दिवस शेतात वाळत टाकतो. वळवाच्या दिवसांत तेवढंच कापा जेवढं त्याच दिवशी खळ्यावर येऊन झोडून होईल. एक एकर मोकळं करण्याच्या हौसेपेक्षा दहा गुंठे घरात आलेले बरे.

झोडलेलं धान्य ओलसर असताना ताडपत्रीखाली घट्ट झाकून रात्रभर ठेवू नका, आत गरम होतं आणि तांदूळ पिवळा पडतो. पाऊस गेला की लगेच उघडा. पेंढ्याची उडवी जमिनीवर नको, खाली दगड-लाकडांचा थर द्या आणि माथा उतरता ठेवा. भिजून बुरशी आलेला पेंढा जनावरांना घालू नका. तो शेणखताच्या खड्ड्यात टाका.

"आंबा अजून पूर्ण तयार नाही. वादळाच्या भीतीने आधीच उतरवू का?" (पडघ्याजवळचे बागायतदार)

सगळा नको. 14 आणे (16 आणे म्हणजे पूर्ण) तयार झालेला आंबा, म्हणजे देठाजवळ खड्डा पडून खांदे वर आलेला, तो उतरवा. सुरुवात झाडाच्या शेंड्यावरून आणि वाऱ्याच्या बाजूच्या फांद्यांवरून करा. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून. 10-12 आणे आंबा भीतीने काढला तर तो पिकताना सुरकुततो आणि व्यापारी तुमचा चांगला मालही त्याच भावात मागतो.

पाऊस पडून गेल्यावर फळ ओलं असताना काढणी नको. ओल्या फळावर करपा बसतो, आणि आज पेटीत गेलेला डाग चार दिवसांनी बाजारात उघडा पडतो. एक दिवस ऊन खाऊ द्या. वळवानंतर फळमाशीही वाढते, म्हणून खाली पडलेली फळं त्याच संध्याकाळी गोळा करा. चांगल्या कैऱ्यांचं लोणचं किंवा आंबोशी होते, फुटक्या खड्ड्यात पुरा. झाडाखाली तशाच सोडल्या की फळमाशीचा पाळणा तयार झालाच म्हणून समजा.

बदलापूरकडच्या एका ताईंनी जांभळाबद्दल विचारलं होतं. पाऊस लागला की फळ फुटतं आणि गळतं, त्यामुळे तोडा रोज करा. ओल्या झाडावर माणूस चढवू नका. जांभळाची फांदी कडक दिसते पण कटकन मोडते.

"कारल्याचा मांडव दोन वर्षं वळवात पडतोय. बांबू जाड घेतले तरी पडला." (सरळगावचे तरुण शेतकरी)

बांबू जाड करून उपयोग नाही, कारण मांडव बांबूमुळे पडत नाही, बाहेरून ओढून धरणारा ताण कमी पडल्यामुळे पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी 30 किलोमीटरला उभा राहिलेला मांडव 60 ला चौपट ओढ सोसतो, आणि वेल भरलेला असला तर तो मांडव राहत नाही, शीड होतो. कडेच्या प्रत्येक खांबाला बाहेरच्या बाजूने तारेचा ताण द्या, ताणाची खुंटी दोन फूट तरी खोल आणि खांबापासून लांब ठोका. चारही कोपऱ्यांना दोन-दोन ताण द्या. इशारा आला की तयार फळं तोडून भार कमी करा. शेडनेट असेल तर बाजूचे पडदे एक तर पूर्ण बंद करा किंवा पूर्ण सोडा. अर्धवट उघड्या बाजूने वारा आत शिरला तर छप्पर वर उचलतो.

पावसाआधी वारा येतो हे विसरू नका. 13 मे 2024 ची दुपार आठवत असेल. आधी धुळीचा लोट, मग अंधार, पाऊस नंतर. त्याच वाऱ्यात घाटकोपरला फलक कोसळून 17 माणसं गेली. 'पहिला थेंब पडला की आवरू' असं म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही.

"आमच्या बायका भेंडी तोडत असताना वीज चमकली तर कुठे उभं राहायचं? शेतात आंब्याचं झाड आहे." (शहापूर तालुक्यातल्या एक ताई)

ताई, आंब्याखाली तर मुळीच नाही. माणसं आणि गुरं झाडाखालीच जास्त मरतात. वीज झाडावर पडते, पण खोडातून आणि मुळांतून जमिनीत पसरते, आणि चार पाय लांब टाकून उभ्या असलेल्या गुरांना ती पायांतूनच धरते. ताड, माड, विजेचा खांब आणि तारेचा मांडवही तसाच. मांडवाच्या तारेवर एका टोकाला वीज पडली तर ती दुसऱ्या टोकाला टेकलेल्या माणसापर्यंत पोचते.

वीज दिसली की आकडे मोजायला लागा. 30 मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज सुमारे 10 किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. टोपल्या तिथेच ठेवा आणि पक्क्या घरात जा. काचा बंद केलेली जीप किंवा टेम्पो चालेल. उघडा ट्रॅक्टर, पत्र्याची झोपडी, गोठ्याची पडवी चालणार नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पाऊस थांबला म्हणून लगेच शेतात परतलेली माणसं आपल्याकडे दगावली आहेत.

घर लांब असेल तर एकमेकींपासून अंतर ठेवून सखल जागी उकिडव्या बसा, पाय जुळवून, डोकं गुडघ्यांत. आडवं झोपायचं नाही. टोळीत एकीच्या फोनवर तरी 'दामिनी' ॲप असू द्या. 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते सांगतं. फोनमुळे वीज खेचली जाते ही अफवा आहे. चार्जिंगला लावलेला फोन मात्र हातात नको, आणि पंपाच्या स्टार्टरलाही हात नको.

"फवारणी कधी करू?"

पुढच्या सहा तासांत पाऊस नसेल आणि झाडाची पानं जेमतेम हलत असतील तेव्हा. या दिवसांत म्हणजे सकाळी सात ते दहा. दुपारी वारा उठतो आणि औषध शेजाऱ्याच्या शेतात जातं.

"यंदाही मेमध्येच पाऊस पडला तर धूळवाफ पेरणीचं (पावसाआधी कोरड्या मातीत बी टाकण्याचं) काय?" (मुरबाड)

हा प्रश्न 2025 पासून प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. त्या वर्षी मॉन्सून 26 मे रोजीच मुंबईत पोचला, एरवीची तारीख 11 जून. रोहिणी लागली न लागली तोच जमीन चिखल झाली, धूळवाफ करायला धूळच उरली नाही. पण एका वर्षावरून पंचांग बदलू नका. पहिल्या वळवाने जमीन भिजली म्हणून बी टाकू नका. वळीव एक दिवसाचा पाहुणा आहे, त्यानंतर आठ-दहा दिवस ऊन पडलं तर उगवलेला कोंब वाळतो आणि बियाणं जातं.

राब भाजणं (रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळणं) आणि नांगरट मात्र आत्ताच उरका. राब भाजताना वारा पडलेला असेल अशी पहाट धरा, बाजूचं गवत आधी काढा. रोपवाटिकेसाठी यंदा निदान अर्ध्या क्षेत्रावर गादीवाफे (उंच केलेले वाफे) करून ठेवा. पाऊस लवकर आला तरी त्यांतून पाणी निघतं, उशिरा आला तरी काही बिघडत नाही. सगळं बी एकाच पेरणीत टाकू नका, थोडं मागे ठेवा.

"नुकसान झालं तर पंचनामा कसा मिळेल?"

आधी फोटो काढा, साफसफाई नंतर. फोटोत शेताची ओळख पटेल असं काही येऊ द्या, जागा आणि वेळ दाखवणारा कॅमेरा असेल तर उत्तम. त्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहायकांना कळवा. शासनाच्या मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं.

फळपीक विमा वेगळा आहे. तिथे तुमच्या बागेत येऊन नुकसान मोजत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने वारा आणि पाऊस किती नोंदवला यावर भरपाई ठरते. गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल तरच 72 तासांत कळवण्याची अट लागू होते.

वीज पडून जनावर दगावलं तर ते पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून शवविच्छेदन करून घ्या. दुभत्या गाई-म्हशीमागे 37,500 आणि बैलामागे 32,000 रुपये मदत आहे, पण अहवालाशिवाय ती मिळत नाही. अडचण आली तर किसान कॉल सेंटर 1800-180-1551 वर मराठीत बोलता येतं.