'गोवर्धनाहारा'तला आहार

प्रश्न असा आहे : नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या सातवाहन शिलालेखांत 'गोवधनाहारे' असा शब्द येतो आणि त्याचा अर्थ 'गोवर्धन जिल्ह्यात' असा दिला जातो. आहार म्हणजे तर जेवण, मग त्यात जिल्हा कुठून आला? कोरणाऱ्याची चूक तर नाही ना?

चूक नाही. शब्द एकच, धातूही एकच. 'हृ' म्हणजे नेणे. त्याला 'आ' लागला की आणणे, गोळा करणे. तोंडाशी आणतो तो आहार, आणि ज्या मुलखातून सरकारी वसुली गोळा होऊन येते तोही आहार. 'राजाला खाऊ घालणारा प्रदेश तो आहार' अशी फोड काही जण करतात, ती मला पटत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात महसूल गोळा करणारा सर्वांत मोठा अधिकारी 'समाहर्ता' आहे. धातू तोच, पण त्याच्या नावाचा जेवणाशी काही संबंध नाही. पुढे गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत प्रदेशासाठी 'आहरणी' असंही रूप येतं ('हस्तवप्राहरणी'), तिथे तर जेवणाचा अर्थ लावताच येत नाही. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याच्या मुख्याला 'कलेक्टर' म्हणजे वसुली करणारा म्हणू लागले, त्यामागचा विचार नेमका हाच.

शब्द सातवाहनांच्याही आधीचा आहे. अशोकाच्या सारनाथ स्तंभलेखात 'आहाले' असं रूप आहे. पूर्वेकडच्या प्राकृतात 'र'चा 'ल' होतो. तुमचा आहार जिथवर आहे तिथवर हा हुकूम न्या, असं तिथे अधिकाऱ्यांना बजावलं आहे. सातवाहनांच्या लेखांत गोवर्धनाखेरीज कार्ल्याला 'मामालाहार' भेटतो, म्हणजे आपलं मावळ. सातवाहनांचा प्रतिस्पर्धी शक राजा नहपान क्षत्रप, त्याचा जावई उषवदात नाशिकच्या लेखात 'कापूराहारा'तल्या चिखलपद्र गावी नारळाची ८,००० रोपं दान दिल्याचं सांगतो.

आहाराचा कारभार कसा चाले, ते नाशिकच्या लेणे क्र. ३ मधल्या दोन हुकमांत जवळून पाहायला मिळतं. दोन्ही हुकूम गोवर्धनच्या अमात्याला ('गोवधने अमच') आहेत. पहिला गौतमीपुत्र सातकर्णीचा, राज्यवर्ष १८ मधला, विष्णुपालिताला. अपरकखडी गावातलं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत, जे आधी ऋषभदत्ताच्या ताब्यात होतं, ते डोंगरावरच्या भिक्षूंना द्यायचं. ऋषभदत्त म्हणजे वर आलेला उषवदातच असं मानतात. गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं होतं; जिंकलेल्या मुलखाची जमीन अशी हात बदलते. हुकूम तोंडी दिला आणि शिवगुप्त अमात्याने लिहून घेतला, हेही कोरलेलं आहे. तारीख पाहा : 'वासपखे २ दिवसे १', म्हणजे पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस. महिन्याचं नाव नाही. कारभार ऋतूंवर मोजला जाई.

या शेताला दिलेल्या सवलती तर मुळातच वाचाव्यात : 'अपावेसं अनोमसं अलोणखादकं अरठसंविनयिकं'. सरकारी माणसांनी आत शिरायचं नाही, कुणी हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, राष्ट्राच्या म्हणजे प्रांताच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करायची नाही. हे चारही 'अ' काढून वाचा. सवलत नसलेल्या गावाला काय सोसावं लागत असेल ते दिसतं. आहार हा शब्द शेतकऱ्याच्या दारात कोणत्या रूपात येई, ते मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या चार शब्दांत जास्त कळतं.

दुसरा हुकूम राज्यवर्ष २४ चा, श्यामक अमात्याला, आणि त्यात राजमातेचंही नाव आहे. कखडी गावात आधी शेत दिलं होतं, पण 'त च खेतं न कसते, सो च गामो न वसति'. शेत कसलं जात नाही, गावही वसत नाही. म्हणून नगराच्या हद्दीतल्या सरकारी शेतातली १०० निवर्तनं आता द्या. राजाने जमीन दिली तरी कसायला माणूस नसेल तर दान कोरडंच राहतं, आणि ते राजाच्याच लेखात नोंदलं गेलं आहे. शिवाय हे 'कसते' आपल्या 'जमीन कसणे'तलंच. 'कसेल त्याची जमीन' म्हणणाऱ्याला हे वाक्य भाषांतराशिवाय कळावं!

मूळ लेख वाचताना एक सांभाळा. 'मामालाहारे' ही सप्तमी आहे आणि संधी 'मामाल + आहार' असा सोडवायचा. 'हार' वेगळा काढू नका. आंध्रातल्या अदोनीजवळच्या म्याकदोनीच्या लेखात 'सातवाहनिहार' असं रूप आहे, तिथे 'आ' उच्चारात गळाला आहे. शब्द तिथेही आहारच.