अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी ल्योंला जाताना फ्रेंच शिकावी का?

फ्रान्समधील ल्यों शहरातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याबद्दल अभिनंदन. सगळे वर्ग इंग्रजीतून होणार असतील तर फ्रेंच शिकण्यात वेळ घालवावा का, आणि तिथले लोक परदेशी विद्यार्थ्यांशी तुटक वागतात हे कितपत खरे, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. मी याच शहरात शिकलो आणि पुढे इथेच नोकरीला लागलो, त्यामुळे दोन्हींचे उत्तर एकत्रच देतो. फ्रेंच माणूस रीतीला फार जपतो, आणि रीत पाळली गेली की तोच माणूस मोकळा होतो. पण या रीती इंग्रजीतून हाताला लागत नाहीत.

सर्वात साधी रीत पावाच्या दुकानात दिसते. दुकानात शिरताच आधी ‘बोंजूर’ म्हणायचे, समोरून ‘बोंजूर’ येऊ द्यायचे आणि मग काय हवे ते सांगायचे. थेट ‘एक बगेत द्या’ म्हणणारा माणूस, भाषा कितीही शुद्ध असली तरी, उद्धट ठरतो. बसचालक, ग्रंथपाल, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात आधीपासून बसलेली अनोळखी मंडळी, सर्वांना हाच नियम लागू आहे. ‘मला तुटकपणे उत्तर दिले’ अशा तक्रारी मी नव्या मुलांकडून नेहमी ऐकतो आणि बहुतेक वेळा त्यामागे हे राहून गेलेले अभिवादन असते. अहो-जाहो आणि अरे-तुरे यांतला भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, ही आपली जमेची बाजू. प्राध्यापकांना शेवटपर्यंत ‘वू’, वर्गमित्रांना पहिल्या दिवसापासून ‘त्यू’.

वर्गातही रीतच मोठी. येथे गुण 20 पैकी देतात; 10 ला उत्तीर्ण, 12 ला ‘बऱ्यापैकी’, 14 ला ‘चांगले’ आणि 16 ला ‘उत्तम’ असा शेरा मिळतो. 18 किंवा 19 गुण लेखी निबंधात क्वचितच दिसतात. आपल्याकडे नव्वद टक्क्यांची सवय झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या उत्तरपत्रिकेवर 13 पाहून धक्का बसतो, आणि त्याच वेळी शेजारचा फ्रेंच मुलगा 13 मिळाले म्हणून खूश असतो. गुण माहितीच्या साठ्यावर कमी आणि मांडणीवर जास्त मिळतात: प्रस्तावनेत नेमका कोणता प्रश्न सोडवायचा आहे हे सांगणे, मग दोन किंवा तीन भागांत विरोधी बाजूसह युक्तिवाद पुढे नेणे, आणि एका भागातून दुसऱ्यात जाताना त्याचे कारण देणे. शाळेपासून याच पद्धतीत वाढलेले प्राध्यापक इंग्रजीत शिकवू लागले तरी अपेक्षा बदलत नाहीत. पाठांतर करून सगळे मुद्दे ओतणारे उत्तर त्यांना अक्षरशः विस्कळीत वाटते. पहिल्या सत्रातच एखाद्या फ्रेंच सहाध्यायाची जुनी उत्तरपत्रिका मागून पाहावी. मुले ती आनंदाने दाखवतात.

खरी ओळख होते ती मात्र जेवणाच्या टेबलावर. फ्रेंच भोजनपद्धतीला युनेस्कोने 2010 मध्ये आपल्या वारसा यादीत स्थान दिले, ते एखाद्या पदार्थासाठी नव्हे, तर एकत्र बसून क्रमाक्रमाने जेवण्याच्या प्रथेसाठी. कोणी घरी बोलावले तर दहा-पंधरा मिनिटे उशिरा जावे, फुले किंवा काही गोड न्यावे आणि सर्वांना वाढून होईपर्यंत सुरुवात करू नये. चीज गोडाच्या आधी येते. शाकाहारी असाल तर निमंत्रण स्वीकारतानाच तसे सांगावे, कारण ल्योंचे पारंपरिक खाणे मांसप्रधान आहे. ‘सालाद लियोनेझ’ या निरागस नावाखाली हिरव्या पानांवर डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे आणि वर मऊ शिजवलेले अंडे येते. या टेबलावर पगार आणि घरभाडे यांची चौकशी करत नाहीत (आपल्याकडे पहिल्या पाच मिनिटांत होते ती), पण राजकारण, संप आणि धर्म यांवर आवाज चढवून, एकमेकांचे बोलणे तोडत वाद चालतो आणि त्यानंतर सगळे मिळून भांडी आवरतात. नवख्याला ते भांडण वाटते. त्यात गप्प बसणारा पाहुणा सभ्य न वाटता कंटाळलेला वाटतो, म्हणून मोडक्या फ्रेंचमध्ये का होईना, पण मत द्यावे.

मैत्री वर्गात आपोआप होईल यावर विसंबू नका. फ्रेंच मुलांचे गट शाळेपासूनचे असतात; नव्या माणसाला वाट मिळते ती 1901 च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांमधून. गिर्यारोहण, समूहगान, नाटक, जुन्या सायकलींची दुरुस्ती, प्रत्येक छंदाला संस्था आहे आणि सप्टेंबरात त्यांचे मेळावे भरतात. चित्रपटाची आवड असेल तर मोंप्लेझिर भागातील ल्युमिएर संस्था गाठा. ल्युमिएर बंधूंनी 1895 मध्ये आपल्या कारखान्याच्या फाटकाशी पहिला चित्रपट टिपला, ती जागा येथेच आहे आणि आज तेथे चित्रपटगृह आहे. त्यांचेच चित्रपट 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले, हे फ्रेंच मित्रांना सांगितले की गप्पा लांबतात.

डिसेंबरच्या परीक्षांच्या धांदलीतही 8 तारखेची संध्याकाळ दिव्यांच्या सणासाठी मोकळी ठेवा. 1852 मध्ये फूर्व्हिएर टेकडीवर मेरीच्या पुतळ्याचे अनावरण व्हायचे होते. आधी साओन नदीच्या पुरामुळे ते लांबले, मग ठरल्या दिवशी वादळ आले, आणि संध्याकाळी आभाळ निवळताच लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आजही जुन्या वस्तीत खिडकीच्या कठड्यावर रंगीत, खाचेदार काचेच्या पेल्यांत दिवे लागतात. शहराच्या मध्यभागी होणाऱ्या भव्य रोषणाईपेक्षा मला हेच पाहायला आवडते. मध्यभागी गर्दी इतकी असते की पाऊल पुढे पडत नाही.

फ्रेंचचे व्यावहारिक कारणही आहे. विद्यार्थ्याला वर्षाला 964 तास काम करता येते, पण दुकानात किंवा उपाहारगृहात फ्रेंचविना विचारत नाहीत. पदवीसाठी लागणारी ‘स्टाज’, म्हणजे प्रशिक्षणार्थी नेमणूक, बहुसंख्य कंपन्यांत फ्रेंचमधूनच चालते. दोन महिन्यांपेक्षा लांब स्टाजला मानधन देणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे कंपन्या निवडूनच घेतात. निघण्यापूर्वी पुण्यातील किंवा मुंबईतील आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत ए-2 (प्राथमिक) पातळी पूर्ण करावी आणि बी-1 (मध्यम) इथे गाठावी. घरमालक फ्रान्समधील जामीनदार मागतील, त्यासाठी ‘व्हिजाल’ ही मोफत हमी आधीच मिळवून ठेवा. पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाची ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि आरोग्यविम्यासाठीचा मोफत अर्जही त्याच आठवड्यात भरून टाकावा.