लेसरनं डोळे जातात का?

"मॅडम, लेसर केला की डोळे जातात म्हणे." मधुमेहानं बिघडलेल्या डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) करतात त्या लेसरबद्दलचं हे वाक्य सांगलीत मधुमेही ज्येष्ठांशी बोलताना महिन्यातून चार-पाचदा तरी कानावर येतं. प्रत्येकाकडं दाखला तयार असतो: शेजारचे काका, मावशी, सख्खा भाऊ. त्या दाखल्यापायी पडद्याची तपासणीच टळते, म्हणून एका गुरुजींची हकीकत सांगते. ओळख पटू नये यासाठी दोघा-तिघांचे तपशील एकत्र केले आहेत.

गुरुजी तासगावकडचे, निवृत्त, वय 69, मधुमेह 16 वर्षांचा. डॉक्टरांनी तीनदा चिठ्ठी देऊनही पडदा तपासला नव्हता, म्हणून मुलगा घेऊन आला.

"मी रोज पेपर वाचतो. चष्मेवाल्याकडं शेवटची ओळसुद्धा वाचली. सकाळची साखर 126. कशाला तपासायचं?"

मी फाईल मागितली. सकाळची साखर 126 खरी, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी 8.9 होतं. रक्तदाब 156/94, आणि त्याची गोळी "डोकं दुखलं तरच". लघवीतून प्रथिनं जात होती, हिमोग्लोबिन 10. गुरुजी एकाच आकड्याकडं बघत होते.

डोळ्याचा धोका ठरवताना मधुमेह किती वर्षांचा, हे आधी विचारावं. पडद्यातल्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक. साखर वर्षानुवर्षं त्यांच्या भिंती कमकुवत करते, चढलेला रक्तदाब आतून रेटा देतो, मग त्या पाझरतात. मूत्रपिंडातल्या वाहिन्याही अशाच नाजूक, म्हणून लघवीत प्रथिनं दिसली की डोळ्यांची चौकशी करायलाच हवी. वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि रक्तक्षय त्यात भर घालतात. एवढं होऊनही पडद्याचा मधला भाग शाबूत असेल तर शेवटची ओळ वाचता येते. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे.

गुरुजींनी हे सगळं ऐकलं, मान डोलावली आणि तपासणीला गेले नाहीत.

माहिती देऊन भीती जात नाही, हा माझा पक्का अनुभव आहे. घटनेला माणसानं जो अर्थ लावलेला असतो, तिथपर्यंत पोचावं लागतं. गुरुजींचा दाखला होता सख्ख्या थोरल्या भावाचा. पुढच्या भेटीत मी त्यांच्याबद्दल विचारलं.

"दादानं लेसर केला आणि चार महिन्यांत दिसायचं बंद झालं."

कोरा कागद पुढं केला. म्हटलं, "दादांचं सगळं क्रमानं लिहा, हजेरीपटासारखं."

वळणदार अक्षरात लिहू लागले. मधुमेह कळला: वय 48. पडदा पहिल्यांदा तपासला: वय 66. का तपासला? डोळ्यापुढं काळी जाळी आली म्हणून. लेसर: त्यानंतर दोन आठवड्यांनी.

पेन थांबलं.

"जाळी आधी आली," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं, "अठरा वर्षं कुणी बघितलंच नाही." आणि मग, खाली बघत, "मीच नेलं होतं त्याला मिरजेला. फॉर्मवर सही माझी आहे."

इतके दिवस मी ज्याला लेसरची भीती समजत होते, तिच्याखाली ही सही होती. लेसरनं डोळे घेतले असं मानलं, तर दोष सही करणाऱ्याचा. तो कागद त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला, म्हणूनच त्यांना पटला. मी सांगितलं असतं तर पुन्हा नुसती मान डोलली असती.

लेसरबद्दल खरं सांगायचं तर तो गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखायला मदत करतो. बऱ्याच ठिकाणी मारावा लागला तर रात्रीचं आणि कडेचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. मध्यभागी सूज असेल तर बहुधा डोळ्यात इंजेक्शनं देतात. उशीर जितका कमी, तितकं राखायला जास्त उरतं.

प्रौढपणी मधुमेह झालेल्यांनी तो कळला त्याच वर्षी पडदा तपासावा, कारण तो आधीपासूनच अंगात असू शकतो. पुढं दरवर्षी, बदल दिसल्यास डॉक्टर सांगतील तसं लवकर. थेंब घालून बाहुली मोठी करतात. चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. सोबत कुणी तरी हवं, गॉगल हवा, गाडी चालवायची नाही. साखर आणि रक्तदाबाचे जुने कागद न्यावेत. मोतीबिंदू काढण्याआधीही पडदा बघून घ्यावा. अचानक काळे ठिपके, पडदा ओढल्यासारखं किंवा सरळ रेषा वाकडी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

रक्तदाबाची गोळी रोजची. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मधुमेहावरच्या अभ्यासात 1998 साली दिसलं, की रक्तदाब नीट आवरलेल्यांत पडद्याचा आजार पुढं सरकण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी होतं. साखर मात्र हट्टानं झपाट्यानं उतरवू नये. फार वर्षं चढलेली साखर एकदम खाली आली तर सुरुवातीचे काही महिने पडदा कधी कधी बिघडतो. औषध वाढवण्याआधी डोळे दाखवावेत. एकटं राहणाऱ्या थकल्या माणसासाठी साखर किती खाली आणायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. साखर उतरून चक्कर येऊन पडणंही वाईटच.

गुरुजी गेले. उजव्या डोळ्यात बारीक रक्ताचे ठिपके निघाले, मधला भाग कोरडा, म्हणजे सूज नाही. लेसरची गरज नव्हती, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

तो कागद त्यांनी दादांना वाचून दाखवला. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी पुढची तारीख कधीची आहे?"