विन्चेस्टर ६७ मध्ये पुंगळी अडकते? एक्स्ट्रॅक्टर मागवायच्या आधी चेंबरचं तोंड बघा

पॉन शॉपमधून १४० डॉलरला घेतलेली विन्चेस्टर ६७, म्हणजे एका वेळी एकच .२२ काडतूस घेणारी जुनी रायफल. लाँग रायफल काडतूस शेवटी अंगठ्याने रेटावं लागतं, उडालेल्या काडतुसाची पुंगळी निघत नाही, मधूनच एखादं काडतूस उडतच नाही, आणि गनस्मिथ म्हणतो एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) गेलाय. तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं आठवलं. याच तक्रारीवर एका दुकानाने (नाव नको) आधी एक्स्ट्रॅक्टर, मग त्याची स्प्रिंग, मग पुन्हा एक्स्ट्रॅक्टर असं बिल फाडलं होतं. मजुरी रायफलच्या किमतीपेक्षा जास्त, आणि चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) तोंडाशी बॅटरी मारून बघण्याची तसदी कोणी घेतली नाही.

रायफल रिकामी असल्याची खात्री करणं, नळी पुसणं वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

तुमचं .२२ काडतूस रिमफायर जातीचं. त्याची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत असतो. फायरिंग पिन (चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारी सुई) आणि चेंबरची कड यांच्यामध्ये ती घडी चिरडली तरच काडतूस उडतं. रिकाम्या रायफलीचा चाप ओढला की मध्ये पितळ नसल्याने पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळू शकते. ६७ मध्ये मागची मूठ हाताने ओढून कॉक करायची असते, त्यामुळे घरातली पोरंटोरं वर्षानुवर्षं खटाखट वाजवत बसलेली असतात. तिथे खड्डा पडतो आणि दबलेलं लोखंड चेंबरच्या आत सरकून उंचवटा तयार होतो. उंचवट्यामुळे काडतूस घट्ट जातं आणि पुंगळी अडकते. खड्ड्यामुळे काडतुसाच्या कडेला पुढून आधार मिळत नाही, म्हणून काडतूस फुसकं जातं. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक हेच असणार.

खात्री करून घ्या. अडकलेली पुंगळी क्लीनिंग रॉडने मागे ढकलून काढा आणि भिंगाखाली धरा. पिनच्या खुणेच्या बरोबर पुढे, पुंगळीच्या अंगावर उभा चकचकीत ओरखडा दिसला तर दोष उंचवट्याचा. मग बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, काढा (६७ मध्ये चाप दाबून धरला की तो सरळ मागे येतो) आणि कापसाची काडी चेंबरच्या तोंडावरून गोल फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तीच जागा.

यावर ‘चेंबर आयर्न’ नावाचं हत्यार मिळतं. कडक पोलादाची निमुळती दांडी असते, थेंबभर तेल लावून ती चेंबरमध्ये घालायची आणि उंचवट्यावर दाब देत फिरवायची. लोखंड आलं तिथेच परत जातं. कानस, ड्रिल, रीमर यातलं काहीही लावू नका. दाबून बसवायचं लोखंड कापून टाकलंत तर चेंबर त्या जागी मोठं होतं, पितळ तिथे फुगतं आणि पुंगळी आणखीच अडकते. कडेपाशी जास्त खाल्लं गेलं तर पुंगळी फाटून गॅस तुमच्या तोंडाकडे येऊ शकतो. खड्डा फार खोल असेल किंवा कड चिरलेली दिसली तर मात्र हे घरचं काम नाही, अनुभवी माणसाकडे द्या.

ओरखडा एका रेषेत नसून पुंगळीभोवती सगळीकडे घासल्याच्या खुणा असतील तर मामला वेगळा. आधीच्या मालकाने शॉर्ट (लाँग रायफलपेक्षा आखूड) काडतुसं भरपूर उडवलेली असतात आणि त्यांच्या तोंडापुढे काजळीचं कडं जमतं. लांब काडतूस त्यावर जाऊन बसतं. कार्बन सॉल्व्हंट घालून रात्रभर ठेवा, सकाळी २५ कॅलिबरचा ब्राँझ ब्रश फक्त चेंबरमध्ये, हाताने गोल फिरवा. बोल्टच्या आत वाळलेलं जुनं तेलही पिनचा जोर खातं. मिनरल स्पिरिटमध्ये भिजवून धुवा, नंतर नावापुरतं तेल.

यापुढे चाप ओढून बघायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातले पिवळे प्लॅस्टिक वॉल अँकर (४-६-८ नंबर) चेंबरमध्ये घाला. पिनच्या घावाने कड चेपली की फेकून द्या.

ब्लूइंगबद्दल (पोलादावरचा निळा-काळा थर) तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. बफिंग चाकावर देऊ नका. अक्षरं बुजतात, कडा गोल होतात, आणि वर पैसे जातात. वरवरचा गंज तेल आणि ०००० नंबरच्या स्टील वूलने निघतो. दस्त्यावर उकळलेलं जवसाचं तेल लावणार असाल तर फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटतात. उघडी पसरून बाहेर वाळवा.

रायफलीवर सीरियल नंबर नाही म्हणून घाबरलात, पण ६७ चं उत्पादन १९३४ ते १९६३ आणि अमेरिकेत सीरियल नंबरची फेडरल सक्ती १९६८ च्या कायद्याने आली. बहुतेक ६७ वर नंबर नसतोच. खरवडलेला नंबर दिसला तर गोष्ट वेगळी, तशी रायफल घेऊ नका. दुसरं, तुम्ही एच-१बी वर आहात की ग्रीन कार्डवर, ते पोस्टमध्ये नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. अपवाद आहेत, नेहमीचा म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. राज्याचे नियम वेगळे असतात. मी वकील नाही, तेव्हा हे आधी नीट तपासा, रायफल नंतर.

काडतुसं साधी ४० ग्रेनची स्टँडर्ड व्हेलॉसिटी घ्या. २७ इंची नळीतून आवाज अगदी सौम्य येतो आणि ५० यार्डापर्यंत उघड्या साइटवर मजा येते. हाय व्हेलॉसिटीने या रायफलीत काय साधतं ते मला तरी कळलेलं नाही. एखादं उडालं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा.

एवढं करूनही पुंगळी अडकली तर कडेवरची पिनची खूण आणि अंगावरचा ओरखडा दोन्ही दिसतील असा फोटो टाका.