इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेत रात्री टवाळखोर बसतात. पोलीस-महापालिकेला सोबत घेऊन तिथे मुलांसाठी काही करता येईल का?

येईल, पण सुरुवात दिव्यांपासून करा. नुसता "बंदोबस्त करा" असा अर्ज दिला की दोन दिवस पोलिसांची गाडी फिरते, तिसऱ्या दिवशी टोळकं हजर. त्याऐवजी चार-पाच जणांनी अंधार पडल्यावर एक फेरी मारा. बंद खांबांचे नंबर, तुटलेली जाळी, गाजरगवतातल्या बाटल्या, सगळ्याचे फोटो काढा. एक अर्ज महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात, दुसरा पोलीस ठाण्यात. शिक्क्याची पोच घ्याच.

जागा कागदोपत्री कोणाची, हेही आधी बघा. प्लॉट पाडलेल्या मोठ्या ले-आऊटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, पण ती महापालिकेच्या ताब्यात नसेल तर खर्च करायला कुणी तयार होत नाही. घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

आणि कट्ट्यावरची सगळीच पोरं बाहेरची नसतात हो! निम्मी आपल्याच गल्लीतली, गणपती मंडळातली निघतात. व्हॉलीबॉलचं नेट नि दोन फ्लडलाइट त्यांच्याच हाती सोपवा. मुलींसाठी मात्र वेळ वेगळी ठेवा, नाहीतर त्या फिरकणारच नाहीत. गणेशोत्सवाआधी पोलिसांच्या शांतता समितीच्या बैठका होतात, तिथे हा विषय काढलात तर पोलीस साहेब आणि मंडळाचे कार्यकर्ते समोरासमोर भेटतात.

मारामारी किंवा छेडछाड दिसली तर मात्र मध्ये पडू नका, सरळ ११२ लावा.