गोबरगॅस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दिंडोरी भागात गोबरगॅस प्लांट बसवून देण्याचा व्यवसाय करायचा आहे. किती क्षमतेचा प्लांट सुचवावा? कमाई कशात आहे?

उत्तर: क्षमता घरातली माणसं मोजून नव्हे, गोठ्यात पडणारं शेण तोलून ठरवा. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे २ घनमीटरच्या, म्हणजे रोज २००० लिटर गॅस देणाऱ्या प्लांटला रोज ५० किलो शेण लागतं. ते चार-पाच मोठी, बांधून ठेवलेली जनावरं देतात. जनावरं दिवसभर चरायला जात असतील तर बरंचसं शेण रानातच राहतं, तेव्हा हिशेब फक्त गोठ्यातल्या शेणाचा. तेवढंच पाणी मिसळलं की रोज १०० लिटर शेणकाला. तो ४० दिवस आत राहायला हवा, म्हणून शेणकाल्यासाठी ४ घनमीटर जागा. असा प्लांट पुरता चालला तर महिन्याला १४.२ किलोच्या सुमारे पावणेदोन सिलिंडरइतकं इंधन देतो. दोन गाई असणाऱ्याला ४ घनमीटरचा प्लांट मुळीच विकू नका. तो बंद पडला की त्या गावात पुढचं गिऱ्हाईक मिळत नाही.

कमाई म्हणाल तर बांधणीत एकदाच, देखभालीत दरवर्षी. नेपाळमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या बायोगॅस कार्यक्रमात बांधणाऱ्या कंपन्यांना हमी आणि नंतरच्या फेऱ्या बंधनकारक होत्या. तुम्हीही फेऱ्यांचे पैसे किमतीतच धरा. तक्रारी ठरलेल्या असतात. ज्योत फडफडते, कारण गॅसमधली वाफ नळीत पाणी होऊन साचते. नळीला पाणी काढायच्या तोटीकडे उतार द्या आणि ती आठवड्याला उघडायला शिकवा. ज्योत बारीक येते, कारण सिलिंडरचीच शेगडी जोडलेली असते. तिचं छिद्र बायोगॅसला लहान पडतं. गळती शोधायला साबणाचं पाणी लावा, काडी पेटवून नव्हे. वर पक्का बांधलेला घुमट असणाऱ्या प्लांटला मात्र घुमटाचं काम येणाराच गवंडी लागतो. आतल्या गिलाव्याची चीर नंतर बुजवायची तर टाकी रिकामी करावी लागते, आणि रिकाम्या टाकीतही पुरेशी हवा खेळवल्याशिवाय कोणालाही उतरवू नका.

प्रश्न: निफाडला थंडीत गॅस घटला, म्हणून चाळीतला सडका कांदा भरपूर टाकला. आता फुगा भरतो, पण गॅस पेटत नाही.

उत्तर: आत आंबट झालंय. कांदा झटपट आंबतो, आणि थंडीत मंदावलेले मिथेन करणारे जिवाणू ते आम्ल संपवू शकत नाहीत. फुग्यात आहे तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. आंबटपणा मोजणारी पीएच पट्टी (आकडा जितका कमी तितकं आंबट) ६.५ खाली दाखवत असेल तर भरणं आठवडाभर थांबवा. शेजारच्या चालू प्लांटमधला शेणकाला पाच-सहा बादल्या ओता. चुन्याची निवळी अगदी थोडी, पट्टी बघत. मग रोजच्या चौथाई शेणाने सुरुवात करा आणि ज्योत निळी टिकली तरच वाढवा.

थंडीत शेण दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवा. कांदा टाकायचाच तर चिरून, शेणाच्या विसाव्या भागापर्यंत. त्यात गंधक असल्याने गॅसला उग्र वास येतो आणि शेगडीही लवकर गंजते.