‘कमी दबावाचा पट्टा’ आणि टेन्शनचं कूळ

प्रश्न असा आला आहे: इंग्रजीत ब्लड प्रेशर, प्रेशर ग्रुप, अंडर प्रेशर, पीअर प्रेशर अशा कितीतरी जोड्या एकाच शब्दावर चालतात, मग मराठीत सगळीकडे ‘दबाव’ वापरला तर काय बिघडलं? आणि ‘टेन्शन’ला ‘तणाव’ म्हटलं की भागतं का?

बिघडतं. ‘कमी दबावाचा पट्टा तयार झाला’ हे बातम्यांत ऐकलं की माझी चडफड होते. हवेला कुणाकडून काही करवून घ्यायचं नसतं! हवेचा असतो तो दाब. पाण्याचा, वाफेचा, रक्ताचाही दाबच. तो मोजता येतो. दबावामागे माणूस असतो आणि त्याचा हेतू असतो, म्हणून दबावगट, म्हणून ‘राजीनाम्यासाठी दबाव आणला’. आणि मनावर जे येऊन बसतं ते दडपण. परीक्षेच्या आदल्या रात्री घरातलं कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणजे दबाव नाही, तरी दडपण असतंच. ‘अंडर प्रेशर’ खेळणारा फलंदाज दडपणाखाली खेळतो, दाबाखाली नव्हे.

‘स्ट्रेस’वर फार वेळ घालवत नाही. लॅटिनमधल्या ‘आवळणे’ या अर्थाच्या क्रियापदाकडून तो आला, ‘स्ट्रिक्ट’ त्याचा भाऊ. एखाद्या शब्दावर स्ट्रेस द्यायचा तर आपल्याकडे ‘जोर’ आहे, मुद्द्यावर द्यायचा तर ‘भर’ आहे.

खरी गंमत टेन्शनमध्ये आहे. लॅटिन ‘टेंडेरे’ म्हणजे ताणणे, आणि संस्कृत ‘तन्’ म्हणजेही ताणणे, पसरवणे. टेन्शन आणि ताण हे एकाच कुळातले शब्द आहेत. ‘तंतू’ त्याच घरातला. ‘तनू’ म्हणजे मुळात बारीक, कारण ताणलेली वस्तू बारीक होते. इंग्रजी ‘थिन’ हा या तनूचा सख्खा नातेवाईक. तंतुवाद्याची खुंटी पिळून पाहा: तार ताणली जाते, स्वर चढतो. ग्रीकांनी या ताणाला ‘टोनोस’ म्हटलं आणि त्यातून ‘टोन’ निघाला. आपल्याकडे गवयाची ‘तान’ निघाली. ‘टिटॅनस’सुद्धा इथलाच. स्नायू ताठून शरीर धनुष्यासारखं वाकतं, म्हणून आपण त्याला धनुर्वात म्हटलं. ग्रीकांनी ताण पाहिला, आपण ताणलेलं धनुष्य पाहिलं. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1678 साली स्प्रिंगचा नियम लॅटिनमध्ये मांडला: ‘उट टेन्सिओ, सिक विस’. जितकं ताणाल तितकं बल. त्यातल्या ‘टेन्सिओ’त आपला ताण स्वच्छ ऐकू येतो.

हे ऐकून ‘म्हणजे टेन्शन संस्कृतातून गेला’ म्हणणारे लगेच उभे राहतात. गेला नाही. दोन्ही भाषा एका जुन्या मुळाच्या शाखा आहेत. भाषापंडित विल्यम जोन्सने 1786 साली या समान मुळाची कल्पना कलकत्त्याच्या भाषणात मांडली, तरी बहिणीला आई म्हणण्याची खोड जात नाही. इंग्रजी व्याकरणातला ‘टेन्स’ याच कुळात बसवणारेही भेटतात. तेही चूक: तो ‘टेम्पस’ म्हणजे काळ या लॅटिन शब्दाचा वंशज. दिसायला सारखा म्हणून नातलग होत नाही.

विजेच्या ‘हाय टेन्शन’ तारांना मराठीत ‘उच्चदाब वाहिनी’ म्हणतात आणि ते चोख आहे, कारण शास्त्रीय लेखनात टेन्शन हा शब्द दाबासाठीही चालत आला. ‘हायपरटेन्शन’ही त्यातलंच. त्याचा अर्थ ‘फार काळजी करणे’ असा सांगणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. तो वाढलेला रक्तदाब आहे, आणि अगदी निवांत माणसालाही असू शकतो.

आता ‘तणाव’. मराठीत ‘तणावा’ म्हणजे तंबूचा दोर. काही अभ्यासक त्याला अरबी-फारसी ‘तनाब’कडे नेतात आणि परका म्हणून शिक्का मारून मोकळे होतात. तंबूबरोबर शब्द आला असेल, मला मान्य आहे. पण त्यातल्या ‘न’चा ‘ण’ कसा झाला? माझं ठाम मत आहे की मराठी कानाने त्यात आपला ‘ताण’ ऐकला आणि शब्द घरचा करून घेतला. मनाचा तणावही मला याच दोरापाशी सापडतो. (इंग्रजी ‘टेंट’ त्याच टेंडेरेचा, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) दोराला दोन टोकं लागतात, एक खुंटीला, एक कापडाला. म्हणूनच तणाव दोघांच्या मध्ये असतो: दोन देशांत तणाव, नवरा-बायकोत तणाव. ताण एकट्यावर पडतो. कामाचा ताण, डोळ्यांवर ताण, ‘जरा डोक्याला ताण दे, आठवेल.’ म्हणून ‘मला तणाव आलाय’ हे मला खटकतं. कुणाशी?

पीअर प्रेशर राहिलंच. पोरं मुद्दाम मागे लागली असतील तर बरोबरीच्यांचा दबाव. पण बहुतेक वेळा कुणी काही बोललेलंच नसतं. सगळ्यांकडे एखादी वस्तू आहे आणि आपल्याकडे नाही, एवढंच असतं. तिथे मी ‘बरोबरीच्यांचं दडपण’ म्हणतो.